जनुकातील जोखीम आणि मनातील धास्ती

अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे : "डॉक्टर, विसरण्याच्या आजाराची ती जनुकांची तपासणी आम्ही करून घ्यावी का?" विचारणारे बहुधा साठी-सत्तरीतले, प्रकृतीने धडधाकट आणि आईवडिलांपैकी कोणाला तरी स्मृतिभ्रंशाने गाठलेले पाहिलेले असतात. आजच्या लेखात या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. ते देताना माझ्याच हातून घडलेली एक चूकही सांगणे भाग आहे. ज्यांची ही हकिकत आहे त्यांच्या संमतीनेच ती लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मात्र बदलले आहेत.

सुमारे वर्षापूर्वी एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले. गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब कित्येक वर्षे त्यांच्याकडेच. दर गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवणार आणि अभंग पुस्तक न उघडता म्हणणार, असा त्यांचा लौकिक. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर औषध नाही. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तेथे लाळेचा नमुना टपालाने पाठवून घरबसल्या जनुकांची तपासणी करून घेता येते. मुलाने कुतूहलापोटी ती केली आणि त्याच्याकडे एपीओई या जनुकाचे 'ई-४' हे रूप एका प्रतीत असल्याचे अहवालात निघाले. फोनवर बोलता बोलता त्याने ते घरी सांगितले. जनुके येतात ती आईवडिलांकडूनच. तेव्हा दोघांपैकी निदान एकाकडे हे रूप असणारच, हे बँकेत हिशेब केलेल्या माणसाच्या तत्काळ ध्यानात आले. त्यांच्या आईला अखेरच्या काही वर्षांत घरातली माणसेही ओळखू येत नव्हती. "माझ्याकडूनच आलं असणार ते," ते मला म्हणाले.

त्या दिवशी बाहेर रुग्णांची रांग होती. मी त्यांना म्हणाले, "काका, एक ई-४ असेल तर धोका साधारण तिप्पट होतो; पण म्हणून आजार होईलच असं नाही. रक्तदाब सांभाळा, काळजी करू नका." आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. 'तिप्पट' एवढा एकच शब्द घेऊन ते घरी गेले, हे मला दीड महिन्याने कळले.

दीड महिन्याने ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक वही होती. रोज काय काय विसरले याची नोंद त्यांनी तारखेनिशी केली होती. चष्मा कोठे ठेवला ते आठवले नाही. शेजाऱ्यांच्या जावयाचे नाव आठवले नाही. दूधवाल्याला पैसे दिले की नाही, ते आठवेना. स्वयंपाकघरात कशासाठी गेलो, तेच विसरलो. सोसायटीचा हिशेब त्यांनी दुसऱ्या सभासदाकडे सोपवला होता. भजनाला जाणे थांबले होते. कारण एका गुरुवारी दुसऱ्या चरणावर ते अडखळले आणि त्यानंतर पेटीपुढे बसण्याचे धैर्यच झाले नाही. रात्री झोप लागेना म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची गोळीही ते घेऊ लागले होते. मी स्मरणशक्तीची छोटी चाचणी घेतली. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, तर दोन शब्द त्यांना आठवले नाहीत. त्यांचे हात थरथरत होते.

वाचकहो, जनुकाने एवढ्या घाईने काम केले असेल का? दीड महिन्यात? याचे उत्तर शोधण्यापूर्वी हे जनुक काय आहे ते समजून घेऊ.

आपल्या पेशींतील एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई हे जनुक असते. शरीरात आणि मेंदूत कोलेस्टेरॉलसारख्या स्निग्ध पदार्थांची ने-आण करणारे एक प्रथिन त्याच्या सूचनेनुसार तयार होते. या जनुकाची ई-२, ई-३ आणि ई-४ अशी तीन रूपे प्रामुख्याने आढळतात. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सर्वांत अधिक आढळते ते ई-३. उतारवयातील अल्झायमरच्या आजाराशी ई-४ चा संबंध असल्याचे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले आणि पुढे तो जगभर अनेकांनी पडताळून पाहिला. भारतातही हे काम झाले आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील ज्येष्ठांची अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधील ज्येष्ठांशी तुलना करणारा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ई-४ चे प्रमाण बल्लभगढमध्ये कमी आढळले. पण ज्यांच्याकडे ते होते त्यांच्यात अल्झायमरशी असलेला त्याचा संबंध दोन्हीकडे सारखाच दिसला.

आता 'तिप्पट' या शब्दाकडे येऊ. कशाच्या तिप्पट, हे सांगितल्याविना त्या शब्दाला अर्थ नाही. आणि नेमके तेच मी सांगितले नव्हते. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या लोकसमूहांच्या पाहणीवरून असे दिसते की, ज्यांच्याकडे ई-४ नाही अशा शंभर ज्येष्ठांपैकी सुमारे दहा ते पंधरा जणांना वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत स्मृतिभ्रंश किंवा त्याची पूर्वावस्था गाठते. ज्यांच्याकडे ई-४ ची एक प्रत आहे, त्यांच्यात हा आकडा वीस ते पंचवीस असतो. याचा अर्थ, एक ई-४ असलेल्या शंभरांपैकी पाऊणशे माणसे त्या वयापर्यंत या आजारावाचून राहतात. दोन प्रती असणाऱ्यांची जोखीम मात्र बरीच अधिक असते, तीस ते पंचावन्न. पण असे लोक थोडे असतात. याउलट, ई-४ ची एकही प्रत नसताना अल्झायमर झालेले रुग्णही पुष्कळ आहेत. तेव्हा हे जनुक म्हणजे निदान नव्हे, आणि विधिलिखित तर नव्हेच.

एक अपवाद नमूद केला पाहिजे. काही मोजक्या घराण्यांत वयाच्या चाळिशी-पन्नाशीतच पिढ्यान्‌पिढ्या अल्झायमर होतो. त्यामागे वेगळीच जनुके असतात. तशा कुटुंबांनी जनुकतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. आजचा लेख त्यांच्याविषयी नाही.

मग ज्यांना आजार झालेला नाही, अशा निरोगी ज्येष्ठांच्या रोजच्या स्मरणशक्तीवर ई-४ चा काही परिणाम होतो का? होतो, पण फार थोडा. २०११ मध्ये सत्त्याहत्तर अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले. त्यांत निरोगी प्रौढांची संख्या चाळीस हजारांवर होती. घडलेल्या गोष्टी आठवून सांगण्याच्या कसोट्यांत ई-४ असणारे सरासरीने किंचित मागे पडले. पण ही तफावत इतकी लहान होती की, समोर बसलेल्या एखाद्या व्यक्तीच्या विस्मरणावरून तिच्याकडे ई-४ आहे की नाही हे कोणीही सांगू शकणार नाही. चष्मा सापडत नाही म्हणून जनुकाला दोष देणे, हे पावसाचे चार थेंब पडताच धरण भरल्याची दवंडी पिटण्यासारखे आहे.

माझ्या रुग्णाच्या बाबतीत ज्या अभ्यासाने माझे डोळे उघडले, तो याच्या पुढचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बावन्न ते एकोणनव्वद वर्षे वयाच्या १४४ निरोगी व्यक्ती त्यात होत्या. सर्वांची एपीओई तपासणी झालेली होती. पण निम्म्या लोकांना आपला निकाल ठाऊक होता, उरलेल्यांना नव्हता. प्रत्येकाला दोन प्रकारे पारखले गेले. आपली स्मरणशक्ती कशी आहे असे तुम्हाला वाटते, हे विचारण्यात आले. आणि प्रत्यक्ष स्मरणाच्या चाचण्याही घेण्यात आल्या.

निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. ज्यांच्याकडे ई-४ होते आणि ज्यांना ते ठाऊक होते, त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण दिले. इतकेच नव्हे, तर शब्दांतून ऐकलेले लक्षात ठेवण्याच्या चाचणीतही ते प्रत्यक्षात मागे पडले. आणि मागे पडले ते कोणाच्या? ज्यांच्याकडे तेच ई-४ होते, पण ज्यांना त्याची कल्पना नव्हती, अशांच्या! जनुक तेच, अंतर होते ते निकाल ठाऊक असण्यानसण्याचे. ज्यांना आपल्याकडे ई-४ नसल्याचे कळले होते, त्यांना स्वतःची स्मृती अधिक चांगली वाटू लागली; प्रत्यक्ष चाचणीत मात्र त्यांची काही विशेष सरशी दिसली नाही.

हा अभ्यास लहान आहे आणि एका अभ्यासावर सिद्धान्त उभारू नये, हे मान्यच. तथापि दवाखान्यात रोज दिसणाऱ्या गोष्टींशी तो जुळतो. स्मरण हे अवधानावर उभे असते. एखादी गोष्ट मनात नीट शिरली, तरच ती पुढे आठवते. ज्याचे अर्धे चित्त 'मी आता विसरणार तर नाही ना?' या पहाऱ्यावर बसले आहे, त्याच्यापाशी समोरचे ऐकायला अर्धेच चित्त उरते. त्यातून एखादी गोष्ट निसटली की भीतीला पुरावा मिळतो. भीतीने झोप उडते, झोप उडाली की अवधान आणखी उणावते, आणि झोपेची गोळी घेतली तर सकाळी डोके जड होऊन त्यात भरच पडते. माझ्या रुग्णाच्या बाबतीत यांतला प्रत्येक दुवा मला वहीत तारखेसह वाचायला मिळाला.

मग निकाल कळणे सर्वथा घातकच का? तसेही नाही. अल्झायमरग्रस्तांच्या मुलामुलींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६२ व्यक्तींपैकी काहींना एपीओईचा निकाल सांगण्यात आला, काहींना नाही. वर्षभर पाठपुरावा केल्यावर दोन्ही गटांतील चिंता आणि नैराश्य यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण तेथे निकालाबरोबर समुपदेशन होते. आकड्यांचा अर्थ बसून समजावून सांगितला गेला होता. माझ्या रुग्णाला आकडा मिळाला. त्याचा अर्थ सांगायला मी बसले नाही. ही उणीव माझी होती.

जाणून घ्यावे की घेऊ नये, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ मध्ये वाचून त्यांच्या हाती देण्यात आला. सारे काही प्रसिद्ध करायला त्यांची हरकत नव्हती. एपीओईची माहिती तेवढी आपल्याला सांगू नये, असे त्यांनी कळवले होते. त्यांच्या आजीला अल्झायमर झाला होता. माझ्या आईलाही स्मृतिभ्रंश होता. मी तपासणी केलेली नाही, करण्याचा विचारही नाही. कारण निकाल काहीही आला तरी उद्या सकाळी मला जे करायचे आहे त्यात बदल होणार नाही.

आता त्या दांपत्याकडे वळते. दुसऱ्या भेटीत मी त्यांना दुपारी, गर्दी नसताना बोलावले आणि वरचे सारे आकडे कागदावर काढून दाखवले. पंचवीस काळे ठिपके आणि पंच्याहत्तर कोरी वर्तुळे. काका बराच वेळ त्या कोऱ्या वर्तुळांकडे पाहत होते. काकू मात्र हसल्या. "अहो डॉक्टर, ते माझ्याकडूनही आलेलं असू शकतं की! ह्यांनी परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं." बोलणे खरे होते. काकांच्या आईच्या आजारामुळे त्यांच्याकडे संशयाची सुई थोडी अधिक झुकत असली, तरी मुलाच्या अहवालावरून दोघांपैकी कोणालाही वगळता येत नव्हते. एकच बातमी दोघांनी ऐकली होती. एकाने वही घातली, दुसरीने त्यावर विचारही केला नाही. मी काकूंना आठवडाभर त्याच वहीत स्वतःची विस्मरणे लिहायला सांगितली. आठवड्याने पाहिले तर काकूंची नोंद काकांच्या कोणत्याही आठवड्यापेक्षा लांब होती! काका प्रथमच मोकळेपणाने हसले.

केवळ हसण्यावर मी थांबले नाही. ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, साखर आणि सोडियम तपासून घेतले; कानांची तपासणी केली. सारे ठीक होते. झोपेची गोळी हळूहळू कमी करून बंद केली. तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा तिन्ही शब्द त्यांना आठवले. यात गोळी सुटल्याचा वाटा किती आणि भीती ओसरल्याचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

आता आपल्यासाठी काही स्पष्ट सूचना.

पहिली, तपासणीविषयी. स्मृतीची कोणतीही तक्रार नसलेल्या ज्येष्ठाने केवळ उत्सुकतेपोटी एपीओई तपासणी करण्याची गरज नाही. निकाल काहीही आला तरी निरोगी माणसासाठी त्यावर वेगळे औषध नाही. अल्झायमरच्या काही नव्या औषधांच्या आधी ही तपासणी करतात, कारण ई-४ असणाऱ्यांत त्या औषधांमुळे मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो. पण तो रुग्णाच्या उपचाराचा भाग झाला. तपासणी करायचीच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, निकाल ऐकताना जवळचे माणूस सोबत असू द्या, आणि आकडा नेहमी 'शंभरांपैकी किती' असा विचारून घ्या.

दुसरी, मुलांसाठी. आपला जनुक-अहवाल हा आपल्या आईवडिलांचा आणि भावंडांचाही अहवाल असतो. तो फोनवर सहज सांगण्यापूर्वी, त्यांना तो ऐकायचा आहे का, हे विचारा. आईवडिलांच्या संमतीविना त्यांची तपासणी तर कधीच करू नका.

तिसरी, विस्मरण ओळखण्याविषयी. नाव ओठांवर येऊन अडणे आणि थोड्या वेळाने आठवणे, वस्तू कोठे ठेवली ते विसरणे, हे वयाबरोबर येतेच. पण काल घडलेला प्रसंग आठवण करून दिल्यावरही अजिबात न आठवणे, तासाभरात तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, वर्षानुवर्षे केलेले पैशांचे व्यवहार जमेनासे होणे, स्वभाव पालटणे, यांपैकी काही दिसले तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जा. बऱ्याचदा घरातल्यांच्या ते आधी लक्षात येते. जाताना घेत असलेली सर्व औषधे पिशवीत घालून न्या. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेची काही औषधे, ब-१२ ची कमतरता, मंदावलेले थायरॉईड, नैराश्य, ऐकू न येणे, ही विस्मरणाची कारणे दुरुस्त करता येण्याजोगी आहेत. त्यांचा शोध जनुकाच्या आधी घ्यायचा असतो.

चौथी, काळजी घेणाऱ्यांसाठी. "पुन्हा विसरलात ना?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. गोळ्यांना खणांची डबी, किल्ल्यांना ठरलेला खिळा, भिंतीवर मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर, एवढी सोय करा. पण हातातले काम काढून घेऊ नका. हिशेब चुकला तर सोबत बसून जुळवा.

आणि शेवटची, जे आपल्या हाती आहे त्याविषयी. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १२६० व्यक्तींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, असा कार्यक्रम दोन वर्षे राबवला गेला. त्या गटाची बौद्धिक कामगिरी इतरांपेक्षा चांगली राहिली, आणि ई-४ असणाऱ्यांनाही त्याचा लाभ मिळाल्याचे पुढील विश्लेषणात दिसले. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण बदलता येण्यासारखी चौदा कारणे मांडली. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकाकीपण, व्यायामाचा अभाव ही त्यांतली काही. ती सारी दूर करता आली, तर जगातील जवळजवळ पंचेचाळीस टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. रोजचे चालणे, वेळेवर रक्तदाबाची गोळी, गरज असेल तर संकोच न करता कानाचे यंत्र, आणि माणसांत मिसळणे. यांसाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

काका आता पुन्हा गुरुवारी पेटीवर बसतात. त्यांना पुढे हा आजार होणार नाही, अशी हमी मी त्यांना दिलेली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही. एखादा चरण अडला तर शेजारचे टाळकरी उचलून धरतात आणि भजन पुढे जाते. सोसायटीचा हिशेबही परत आला आहे. मध्यंतरी वहीचे काय झाले, असे मी सहज विचारले. काकू म्हणाल्या, "बरीच पानं कोरी होती. दुधाचा हिशेब लिहिते त्यात."